निरोपाच्या टाळ्या



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, अर्थकारण, इतिहाससंशोधन असे भारदस्त विषय येतात, आणि आम्ही मात्र आज एक चेंडू घेऊन आलो आहोत. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल’ असे कळविले. दोन दिवस त्यांनी उत्तरच दिले नाही. मग भीत भीत विचारले, ‘श्रोत्यांना यात ऐकण्यासारखे काही असेल ना?’ त्यांची शंका रास्त होती. म्हणून सांगून टाकतो की, खेळाबद्दल आम्ही थोडेच बोलणार आहोत. बोलायचे आहे ते खेळ पाहणाऱ्यांबद्दल, आणि तेही वर्षातल्या एका संध्याकाळपुरते.

आपल्याकडे महाविद्यालयात निरोप समारंभ होतो. शेवटच्या वर्गातल्या मुलांना खालच्या वर्गातली मुले चहा, वेफर आणि एखादे पेन देतात. प्राचार्य घड्याळाकडे पाहत चार शब्द बोलतात. एखादी मुलगी रडते आणि फोटो निघतो. हा सगळा घरगुती मामला. गावाला त्याचे काही सोयरसुतक नसते. अमेरिकेत मात्र अशी काही गावे आहेत की, तिथे महाविद्यालयाच्या चार-पाच पोरांना निरोप द्यायला पंधरा-वीस हजार माणसे जमतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा त्या मुलांशी नात्याचा किंवा ओळखीचा काहीएक संबंध नसतो. हे काय गौडबंगाल आहे, ते आज पाहू.

हा खेळ मुळी शाळेतच जन्मला. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीमुळे आत कोंडलेल्या तरुणांसाठी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे 1898 साली नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथल्या संघाला त्यांनी शिकविले. आणि गंमत अशी की, खेळाचा हा जनक तिथे जिंकला त्याहून जास्त सामने हरला. वाय.एम.सी.ए.च्याच हाताने हा खेळ आपल्याकडे आला. नागपूरकरांना तरी त्याची ओळख करून द्यायला नको.

तिथे महाविद्यालयाचा संघ हाच गावाचा संघ असतो. केंटकी आणि कॅन्सस या राज्यांत तर बास्केटबॉलचा सर्वांत वरच्या दर्जाचा व्यावसायिक संघच नाही. शेतकरी, शाळामास्तर, पेट्रोल पंपावरचा नोकर, सारे विद्यापीठाच्याच संघाला ‘आपला’ म्हणतात. खेळाडूला पूर्वापार चार हंगाम मिळत. 1972 पर्यंत मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघात घेतही नसत. त्याने एक वर्ष वाट पाहायची, मग बाकावर बसायचे, मग खेळायचे, आणि शेवटच्या वर्षी धाकट्यांना सांभाळून घ्यायचे. अशा चौथ्या वर्षाच्या खेळाडूला तिथे ‘सीनियर’ म्हणतात. त्याच्या घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी असतो. त्यालाच ‘सीनियर नाइट’ म्हणायचे.

विधी साधाच आहे. एकेका मुलाचे नाव पुकारतात. तो आईवडिलांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येतो. आईच्या हाती फुले, मुलाच्या हाती चौकटीत बसविलेला त्याचाच सदरा. पुष्कळ ठिकाणी पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या आणि घामाने ओली झालेली फरशी पुसणाऱ्या विद्यार्थी-मदतनिसांनाही असेच बोलावतात. केंटकीत सीनियर कागदाचे मोठे वर्तुळ फाडून त्यातून बाहेर येतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात 1995 साली शॉन रेस्पर्ट याने जाताना मैदानाच्या मध्यावरील बोधचिन्हावर ओठ टेकवले. तेव्हापासून तिथला प्रत्येक सीनियर वाकून तसेच करतो. आपल्याकडे पैलवान आखाड्याची माती कपाळाला लावतो, त्याच जातीचे हे.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे भाच्याकडे उतरलो होतो. तो म्हणाला, ‘मामा, आज तुम्हांला एक देऊळ दाखवतो,’ आणि घेऊन गेला तो असेम्ब्ली हॉल नावाच्या क्रीडागृहात. दोन्ही अंगांना प्रेक्षकांच्या रांगा इतक्या उभ्या चढणीच्या की, वरून खाली पाहताना विहिरीच्या काठावर बसल्यासारखे वाटते. सामना झाला. कोण जिंकले, किती गुणांनी, हे विसरलो, आणि ते विसरण्यात विशेष काही गमावले असेही वाटत नाही. भोंगा वाजला तसे आम्ही मुंबईकराच्या सवयीने गर्दीच्या आधी निघावे म्हणून उठलो. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. त्यांनी आमची बाही धरून आम्हांला खाली बसविले आणि म्हणाले, ‘आता तर सुरू होणार आहे.’

सभागृहातले कोणीच उठले नव्हते. तिथे बॉब नाइट या प्रशिक्षकांच्या काळापासून अशी रीत आहे की, सामना संपल्यावर प्रत्येक सीनियरने मैदानात उभे राहून भाषण करायचे. सहा-साडेसहा फुटी पोरे हातात ध्वनिक्षेपक घेऊन अशी उभी होती, की चेंडू हाती असताना जे पाय कधी थरथरले नाहीत ते आता थरथरावेत. पहिला जो मुलगा बोलायला आला, तो सबंध वर्षात फारसा खेळलाच नव्हता. त्याला शिष्यवृत्तीही नव्हती. अशा मुलाला तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या मंडळात स्वखर्चाने येऊन सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता असतो ना, तसा. त्याने आईचे आभार मानले, खोलीतल्या सोबत्याचे मानले, मग कपडे धुणाऱ्या माणसाचे नाव घेतले, आणि तिथे त्याचा आवाज फुटला. क्षणभर एवढे मोठे सभागृह चिडीचूप झाले. मग ज्या टाळ्या झाल्या, तेवढ्या सामन्यात एकदाही झाल्या नव्हत्या.

आम्ही मास्तरांना विचारले, ‘या मुलाने चार वर्षांत गुण किती केले असतील?’ मास्तर विचारात पडले. ‘ते काही सांगता यायचे नाही. पण टाइमआउट झाला, पोरे दमून बाहेर आली, की बाकावरून त्यांच्यासाठी पहिला उठतो तो हा. चार वर्षे पाहतो आहे.’

आम्हांला वाटते, या साऱ्या समारंभाचे मर्म या उत्तरात आहे. गुणांची नोंद वर्तमानपत्रात मिळते, तिच्यासाठी क्रीडागृहात यावे लागत नाही. चार-चार वर्षे त्याच जागी बसून पाहणाऱ्याला मात्र नोंदीबाहेरचे दिसते. पहिल्या वर्षी कावराबावरा झालेला मुलगा चौथ्या वर्षी दुसऱ्या कावऱ्याबावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, हे त्याने पाहिलेले असते. प्रशिक्षकांनाही याची जाण असते. सामना हातात आला की शेवटच्या मिनिटांत ते सीनियरांना एकदम न काढता एकेकाला बाहेर बोलावतात, कारण प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या टाळ्या वेगळ्या याव्यात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ शेवटच्या घरच्या सामन्याची सुरुवात सीनियरांनाच देत, मग एखादा एरवी बाकावरचा का असेना. 2015 साली ते वारले, आणि त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे 180 जणांना टपालाने दोनशे-दोनशे डॉलरांचे धनादेश आले. म्हाताऱ्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, माझ्यातर्फे एकदा बाहेर जेवून या.

आता केंटकीची एक हकीगत सांगतो. 1988-89 च्या हंगामात केंटकीचा संघ 13 सामने जिंकला आणि 19 हरला. वर नियमभंगाची चौकशी. प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. 1989 साली शिक्षा झाली ती अशी की, दोन वर्षे हंगामानंतरच्या स्पर्धेत खेळायचे नाही आणि एक वर्ष दूरचित्रवाणीवर थेट दिसायचे नाही. नावाजलेले खेळाडू निघून गेले, आणि त्यांना दोष तरी कोणी द्यावा? उरले त्यांत रिची फार्मर, जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस आणि शॉन वूड्स असे चौघे होते. पहिले तिघे केंटकीच्याच लहान गावांतले, चौथा इंडियानापोलिसचा. चौघांतला एकही पुढे एन.बी.ए.मध्ये खेळला नाही, यावरून त्यांच्या कौशल्याची इयत्ता ओळखावी. नवे प्रशिक्षक रिक पिटिनो आले. पहिल्या वर्षी 14 विजय आणि 14 पराभव, दुसऱ्या वर्षी 22 विजय. पण स्पर्धेचे दार बंदच. तिसऱ्या वर्षी दार उघडले तेव्हा हे चौघे सीनियर झाले होते.

28 मार्च 1992 रोजी फिलाडेल्फियात ड्यूक विद्यापीठाशी गाठ पडली. सामना जादा वेळेत गेला. 2.1 सेकंद उरले असता वूड्सने चेंडू टाकला आणि केंटकी 103-102 असे पुढे झाले. मग ड्यूकच्या ग्रँट हिलने जवळजवळ सबंध मैदानाच्या लांबीवरून चेंडू फेकला, ख्रिश्चन लेटनरने तो उंच झेलला, वळला आणि टाकला. केंटकी एका गुणाने हरले. तो लेटनरही सीनियरच होता, हे केंटकीत कोणी बोलून दाखवीत नाही.

त्यानंतर काही दिवसांतच त्या चौघांना लेक्सिंग्टनच्या रप अरीनात बोलावण्यात आले. छताकडे पाहतात तो त्यांचे सदरे वर चढविलेले! तो मान एरवी विक्रमवीरांचा. आणि इथे तो हरलेल्या संघातल्या चार मध्यम खेळाडूंना मिळाला. लोक त्यांना ‘न विसरण्याजोगे’ म्हणू लागले. आम्हांला असे दिसते की, सारे सोडून जात असताना हे राहिले, एवढाच त्यांचा पराक्रम गावाने मोजला, आणि तो बरोबर मोजला.

पण श्रोतेहो, इथेच थांबलो तर आम्ही भाटगिरी केली असे होईल. टाळ्यांच्या आड एक हिशेबही दडलेला आहे. 2010 साली या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क चौदा वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरांना गेले. खेळणाऱ्या मुलाला मात्र शिकणे, राहणे आणि जेवण यांपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती. एड ओबॅनन हा लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए.चा सीनियर. 1995 च्या अंतिम सामन्यात त्याने 30 गुण केले आणि विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिले. पुढे अनेक वर्षांनी एका परिचिताच्या घरी त्याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच पाहिले. तोच 31 क्रमांक, तोच डावखुरा हात. खेळ विकला जात होता आणि याच्या हाती दमडी नव्हती. 2009 साली त्याने दावा लावला. फुले आणि चौकटीतला सदरा देऊन मजुरी बुडविता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मास्तरांच्या टाळ्या खऱ्या होत्या, यात शंका नाही. पण त्या खऱ्या टाळ्यांच्या आडोशाने दुसऱ्याच कोणी तिजोरी भरली.

2021 च्या जुलैपासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, आणि त्याच वर्षी विद्यापीठ बदलले तरी वर्षभर बसून राहण्याची अट सुटली. 2025 पासून विद्यापीठे स्वतःच पैसे देऊ लागली. न्याय झाला खरा. त्याबरोबर असेही झाले की, अनेक सीनियर चौथ्या वर्षी तिसऱ्या-चौथ्या गावात असतात. शिवाय करोनाच्या साथीमुळे 2020-21 च्या खेळाडूंना एक हंगाम वाढवून मिळाला. त्यामुळे काही मुलांचे निरोप समारंभ दोनदा झाले. आपल्याकडे पाहुणा दारापर्यंत जाऊन पुन्हा चहाला बसतो, तशी गत. त्या 2021 सालच्या हिवाळ्यात तर पुष्कळ क्रीडागृहांत माणसांऐवजी पुठ्ठ्यावर चिकटवलेली त्यांची छायाचित्रे खुर्च्यांवर होती. त्यांच्यापुढून आईवडिलांसह चालणाऱ्या मुलांना काय वाटले असेल!

आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क हिलाही ते वाढीव वर्ष घेता आले असते. ती त्याच राज्यातली, घरची मुलगी. जाण्याचा निर्णय तिने आधी जाहीर केला होता. 3 मार्च 2024 रोजी, निरोपाच्याच सामन्यात, पीट मॅराविच यांचा 3,667 गुणांचा जुना विक्रम तिने मागे टाकला. चार वर्षे एकाच गावी राहून हे करणारी माणसे आता विरळ होत चालली आहेत.

आमच्या मास्तरांचे काय झाले, असे आपण विचाराल. भाचा अजून त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसतो. त्याने परवा फोनवर सांगितले की, मास्तर आता थकले आहेत, जिना चढताना दोनदा थांबतात, पण हंगामाच्या आरंभी खेळाडूंची यादी आणतात आणि नवी नावे घोटून पाठ करतात. यादीतली बरीच नावे मागल्या वर्षी दुसऱ्याच कुठल्या तरी गावची होती. भाचा त्यांना म्हणाला, ‘हे तर एका वर्षाचे पाहुणे. यांची नावे कशाला पाठ करता?’

मास्तर म्हणाले, ‘बाकावरून पहिला कोण उठतो, ते कळायला एक वर्ष पुरते.’