कोपराची कळ

ऑगस्ट २००४ मध्ये तिरंगी मालिकेसाठी हॉलंडला गेलेल्या सचिन तेंडुलकरचं डावं कोपर दुखू लागलं आणि ‘टेनिस एल्बो’ हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं. बॅट वजनदार, त्यातून उजव्या फलंदाजाच्या मुठीत वर असतो तो डावा हात. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला, तोच ९३ धावा करून. डिसेंबरात दिल्लीला ३५वं कसोटी शतकही झालं.

या कहाणीमुळे एक गैरसमज मात्र रुजला, की कोपर दुखलं म्हणजे आज ना उद्या ऑपरेशन ठरलेलं. खरं तर बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविना, साधारण वर्षभरात बरं होतं. आणि या रुग्णांतल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातातही धरलेली नसते. चाळिशीच्या आसपासची माणसं, दिवसभर पाना फिरवणारे मेकॅनिक, भिंती रंगवणारे, चादरी पिळणाऱ्या गृहिणी.

मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर एका कंडरेनं बांधलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा मनगट आत दुमडू नये म्हणून हेच स्नायू ताणून उभे राहतात. म्हणून पकड मुठीची आणि कळ कोपरात! दुधाची पिशवी उचलताना, किल्ली फिरवताना, हस्तांदोलन करताना ती नेमकी उठते. पूर्वी हा दाह समजला जाई. जुनाट दुखण्यात कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. दिसतात ते झिजलेले, विस्कटलेले तंतू.

इथेच स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा मोह आवरायला हवा. पहिले काही आठवडे आराम पडतो, रुग्ण खूश होतो. पण वर्षभर पाठपुरावा केलेल्या चाचण्यांत इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली आहे. दुसरं टोक म्हणजे हात गळ्यात बांधून महिनाभर बसणं. कंडरेला बळ येतं ते बेताच्या भारानं. हात टेबलावर ठेवावा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत पाण्याची छोटी बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडावं आणि दुसऱ्या हाताच्या आधारानं वर आणावं. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी करावं. फरक जाणवायला दीड-दोन महिनेही लागतात, आणि तेवढा धीर धरणारे रुग्ण विरळाच. जोडीला एक साधी सवय: पिशवी उचलताना तळवा वर आणि कोपर अंगालगत.

आतल्या बाजूला दुखलं तर तो ‘गोल्फर्स एल्बो’. उपचार बहुतांशी तसेच. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपरामागून जाणारी नस दबलेली असू शकते, तेव्हा फोन कानाला लावून हात तासन्‌तास दुमडून ठेवू नये. कोपराच्या टोकावर पाण्याची गाठ आली आणि ती लाल, गरम झाली, ताप आला, तर डॉक्टरांकडे लगेच जावं.

मुलांची गोष्ट वेगळी. रस्ता ओलांडताना तीन वर्षांच्या पोराला एका हातानं हिसका दिला, की हाताच्या एका हाडाचं डोकं त्याच्या बंधातून निसटतं आणि पोर हात हलवेनासं होतं. जाणकार डॉक्टर ते क्षणात जागेवर बसवतात. पाच-सात वर्षांचं मूल हातावर पडलं आणि कोपर सुजलं, तर मात्र हाड मोडल्याची शंका घ्यावी. अजूनही अनेक घरांतून अशा मुलाला आधी हाडवैद्याकडे नेतात, चोळतात, काड्या लावून हात घट्ट बांधतात. सुजेवर आवळलेल्या त्या पट्टीनं रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. हात आहे तसा फळीच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या आधारावर सैल ठेवावा. बोटं गार, निळसर पडली किंवा सरळ करताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट न पाहता हाडांचे डॉक्टर असलेलं रुग्णालय गाठावं.