दहा हजारांची समिती आणि पन्नास लाखांचे बक्षीस



2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तो आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या काहींचा तरी होता. त्यानंतरची दोन वर्षे देशाने कशी काढली यावर आता पुस्तके आहेत, अहवाल आहेत. रुग्णालये, ऑक्सिजन, लस आणि शहरांतून पायी निघालेले मजूर यांची त्यांत नोंद आहे. ते मजूर ज्या गावांत पोचले तिथे पुढे काय झाले, याची नोंद मात्र फार थोडी सापडते. मला आज त्या बाजूबद्दल बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की, साथीत महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी जे काम केले ते भिडेवर, ओळखीवर आणि उधारीवर केले. अधिकार त्यांच्याकडे जवळजवळ नव्हताच. साथ ओसरल्यावर आपण त्या कामाचे कौतुक केले, बक्षिसेही लावली; पण ते काम पुन्हा करावे लागले तर त्यासाठी लागणारी माणसे, पैसा आणि कायद्याचा आधार काही दिला नाही.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. मार्च 2020 मध्ये राज्याने नियम काढले ते 1897च्या साथरोग कायद्याखाली. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रज सरकारने घाईने केलेला हा चार-पाच कलमांचा कायदा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर घरांत घुसवून झडत्या घेतल्या आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. रँडचे वागणे हा एका माणसाचा दोष म्हणून सोडून देता येतो. पण त्या कायद्याचा स्वभावच असा आहे की हुकूम वरून निघतो आणि खाली फक्त पाळला जातो. जोडीला होता 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि स्थानिक संस्थांच्या वाट्याला कर्तव्ये: माणसे प्रशिक्षित ठेवा, साधने सज्ज ठेवा, आराखड्यानुसार मदत करा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी सुचवलेल्या 29 विषयांत आरोग्य, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखानेही आहेत. ही अनुसूची 1993 मध्ये अमलात आली. सत्तावीस वर्षांनी साथ आली तेव्हा गावचे आरोग्य केंद्र ग्रामपंचायतीला उत्तरदायी नव्हते आणि गावात येणाऱ्या माणसाला चौदा दिवस कुठे ठेवायचे हे ठरवण्याचा हक्कही तिच्याकडे नव्हता. तरी ठरवावे तिलाच लागले, कारण रात्री दोन वाजता वेशीवर टेम्पोतून कुटुंब उतरले की तिथे जिल्हाधिकारी नसतात. तिथे असतात सरपंच, पोलीस पाटील आणि आशा स्वयंसेविका.

कोकणातले उदाहरण याबाबतीत सर्वांत बोलके आहे. मे 2020 पासून मुंबईचे चाकरमानी पास काढून, काही पासाशिवायही, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे निघाले. गावोगावी ग्राम कृती दले उभी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणासाठी उघडल्या गेल्या. तिथे पाणी, वीज, डबा, शौचालयाची सफाई हे सगळे गावानेच पाहायचे होते. पुढे गणपती जवळ आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. चौदा दिवसांचे विलगीकरण धरले तर सुटी त्यातच संपणार, म्हणून चाकरमानी चिडलेले. आणि ज्या गावाला हाक मारण्याच्या अंतरावर डॉक्टर नाही ते गाव घाबरलेले. काही ग्रामपंचायतींनी आपले नियम केले, दंडाची भाषा केली. मग शासनाने विलगीकरण दहा दिवसांवर आणले आणि बारा ऑगस्टनंतर येणाऱ्यांना चाचणीची अट घातली. या वादात गावांना आडमुठे ठरवणे मुंबईतून सोपे होते. पण प्रश्न नीट पाहा. ज्यांच्या मनीऑर्डरींवर गाव पिढ्यान्‌पिढ्या चालले त्यांनाच गाव शाळेत बसवत होते, आणि तसे करताना त्याच्या हातात साधा लेखी आदेश काढण्याचाही अधिकार नव्हता. नियम भावकीच्या दडपणाने पाळायचा, भावकीच्या दडपणानेच मोडायचा. असा नियम दुबळ्यावर कडक बसतो आणि वजनदार माणसाला सूट देतो, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरीकडे ओडिशाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या सरकारने सरपंचांना त्यांच्या पंचायतीपुरते, विलगीकरणाच्या कामासाठी जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार दिले. परत येणाऱ्याने ग्रामपंचायतीत नोंद करायची, चौदा दिवस ठरलेल्या जागी राहायचे आणि ते पुरे केले की त्याला दोन हजार रुपये मिळायचे. सुरतहून हजारोंनी मजूर परतत होते, तेव्हा ही व्यवस्था निर्दोष चालली असे कोणी म्हणणार नाही. तरी फरक मोठा आहे: तिथे सरपंचाचे ‘नाही’ हे कायद्याचे ‘नाही’ होते आणि म्हणून त्याच्याविरुद्ध दाद मागायलाही जागा होती. केरळची गोष्ट आणखी जुनी आहे. 1996च्या लोकयोजना मोहिमेपासून तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींकडे आली, विकासनिधीचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. टाळेबंदी लागल्यावर काही दिवसांत स्थानिक संस्थांनी कुडुंबश्री या महिला बचतगटांच्या जाळ्यातल्या बायकांना घेऊन सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. ती चपळाई चोवीस वर्षांच्या सवयीतून आली होती.

आपल्याकडे सवयीचे असे उदाहरण नाही का? आहे. हिवरे बाजार हे गाव दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, कोरोनामुक्त झाले. स्वयंसेवकांची पथके, घरोघर तपासणी, बाधिताला लगेच वेगळे ठेवणे हे त्यांनी केले, आणि वर्तमानपत्रांनी ते गावचे नेते पोपटराव पवार यांचे कर्तृत्व म्हणून छापले. कर्तृत्व आहेच. पण या गावाने त्याआधी अनेक वर्षे पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडला, किती पाणी आहे आणि त्यात कोणते पीक बसते हे सर्वांसमोर ठरवले, आणि ठरलेले पाळले. ज्या गावाला पाण्याचा आकडा उघड सांगण्याची सवय आहे, त्याला रुग्णांचा आकडा सांगताना लाज वाटत नाही. खरे भांडवल ते होते. शासनाने यातून काय घेतले? 2 जूनला कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर झाली: सहा महसूल विभाग, प्रत्येकात पन्नास, पंचवीस आणि पंधरा लाखांची तीन बक्षिसे, बावीस निकष. हेतू चांगला असेल. परंतु रोग नसल्याबद्दल बक्षीस ठेवले की तपासणी न करणे फायद्याचे होते, एवढा विचार तरी व्हायला हवा होता. शिवाय बक्षीस जिंकणारी गावे अठरा, आणि राज्यात ग्रामपंचायती जवळपास अठ्ठावीस हजार.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या स्वयंपूर्ण गणराज्याची कल्पना कठोर शब्दांत धुडकावली. खेडे हे त्यांच्या मते संकुचितपणाचे आणि जातीयतेचे ठाणे होते. साथीने त्यांचे म्हणणे अनेक ठिकाणी खरे केले. रस्त्यावर काटेरी झुडपे टाकून गावबंदी झाली, तेव्हा बाहेर राहिले ते भटके, फेरीवाले, वीटभट्टीवरचे मजूर. पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे 16 एप्रिल 2020च्या रात्री चोरांच्या अफवेने जमाव बेभान झाला आणि दोन साधू व त्यांचा चालक जिवानिशी गेले. घरोघर ताप मोजत फिरणाऱ्या आशांना दारातून हाकलून देण्याचे प्रकार झाले. गावाला अधिकार द्या म्हणणाऱ्याने हे सगळे डोळ्यांसमोर ठेवूनच बोलले पाहिजे. माझे उत्तर असे की, यातली बहुतेक कृत्ये ग्रामपंचायतीच्या ठरावाने झाली नव्हती. ती अनौपचारिक सत्तेची, जमावाची आणि जुन्या वतनदारीची करणी होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरची ग्रामपंचायत ही बाबासाहेबांनी नाकारलेले खेडे नव्हे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत, महाराष्ट्रात निम्म्या जागांवर स्त्रिया आहेत, तिचे इतिवृत्त लिहिले जाते, तिचा ठराव रद्द करता येतो. ती दुबळी राहिली की पोकळी पडते आणि त्या पोकळीत कोण शिरते ते आपण पाहिले आहे. अर्थात राखीव जागेवरच्या सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसतात तिथे हे उत्तर लंगडे पडते, हेही मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. विषाणूशास्त्र सरपंचाला कसे कळणार? कळणार नाही, आणि म्हणूनच कित्येक गावांनी रस्त्यांवर, भिंतींवर, कधी माणसांवरही सोडियम हायपोक्लोराइट फवारले. फवारणी डोळ्यांना दिसते, हा तिचा एकमेव गुण. मात्र वरच्यांचे शहाणपण तरी कुठे अबाधित होते? याच राज्यात ग्रामपंचायतींकडचे चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवरील व्याज अर्सेनिक अल्बम 30 या होमिओपॅथीच्या गोळ्यांसाठी वर मागवून घेतले गेले, आणि त्यावर सरपंचांनी तक्रारी केल्या. कोरोनाला त्या गोळ्यांनी आळा बसतो याला पुरावा नव्हता. त्याच पैशात ऑक्सिमीटर आले असते. तज्ज्ञ हवाच, तो गावाला सल्ला देणारा हवा. नियमाप्रमाणे सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ग्रामसभेपुढे वर्षातून दोनदा उभे राहावे, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की पंचायतींत पैसा खाल्ला जातो. जातो. त्यावर निवडणूक पुढे ढकलणे हा उपाय खास नाही. साथीमुळे 2020 मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ नेमण्याचा घाट शासनाने घातला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला त्याला लगाम घालावा लागला. ग्रामसभाही बराच काळ बंद होत्या. म्हणजे गावाने एकत्र बसून ठरवण्याची सर्वाधिक गरज होती, त्याच महिन्यांत ठरवण्याची जागाच कुलूपबंद होती. अखेर जानेवारी 2021 मध्ये चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, आणि दुसरी लाट आली तेव्हा त्या गावांत निवडून आलेली माणसे होती. जिल्हा परिषदांचे नशीब तेवढेही नव्हते. मार्च 2022 मध्ये बहुतेकांची मुदत संपली. कारण आरक्षणाच्या खटल्याचे होते, साथीचे नव्हे. परिणाम मात्र तोच झाला. प्रशासकांचा कारभार वर्षानुवर्षे चालला आणि आपल्याला त्याची सवय झाली. मला ती सवय साथीइतकीच काळजीची वाटते.

तुमच्यातले काही डॉक्टर होतील, काही कृषी अधिकारी, काही स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार होतील, आणि पुष्कळ जण गावीच राहतील किंवा शहरात राहून गावच्या मतदारयादीत असतील. प्रत्येक महसुली गावात एक ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ती आली तेव्हा तिला वर्षाला दहा हजार रुपये ठरले होते. पन्नास लाखांच्या बक्षिसाशेजारी हा आकडा ठेवून पाहा. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला, हेही त्याच हिशेबात धरा. या समितीची बैठक शेवटची कधी झाली, पैसे कशावर गेले, गावात किती ऑक्सिमीटर चालू स्थितीत आहेत, शाळेत विलगीकरण करायचे ठरले तर पाण्याची सोय काय, हे प्रश्न विचारायला कोणतेही पद लागत नाही. येत्या ग्रामसभेला जा, ते विचारा, आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.