वाचन कुठून सुरू करायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



‘धर्म आणि स्त्री’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. मी समाजकार्य करते, घरात मारहाण होणाऱ्या बायकांच्या केसेस पाहते. आणि पाळी आली की रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन करते. त्या वाचनाबद्दलच बोलते.

आमचं चर्च मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. 1970 साली नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. उपासनेतले काही उतारे मंडळीतली साधी माणसंच वाचतात. मानधन नाही. घरी दोनतीनदा मोठ्यानं वाचून बघायचं, अवघड नावं घोटायची, माईकसमोर सावकाश वाचायचं. एवढंच काम, असं मला वाटायचं.

चार वर्षांपूर्वी एका लग्नात मी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला, बाविसाव्या वचनापासून. पत्नीनं पतीच्या अधीन असावं, असा तो भाग. बाहेर आमच्या केंद्रात येणारी एक बाई भेटली. नवऱ्यानं मोडलेला हात गळ्यात बांधलेला. म्हणाली, “ताई, केंद्रात वेगळं सांगता, आणि तिथं उभ्या राहून तुम्हीपण तेच वाचलंत?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तो अध्याय पुन्हा काढला. एकविसाव्या वचनात पौल सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते आधीच्या वचनातून घ्यावं लागतं. आम्ही जोडलेलं वाक्य मधूनच तोडून वाचत होतो. एकविसावं वाचल्यानं पुढचं नाहीसं होत नाही, हे मला माहीत आहे. पण अर्धंच वाचणं ही लबाडी आहे.

पुढच्या लग्नात मी पाळकसाहेबांना म्हटलं, एकविसाव्यापासून वाचते. ते म्हणाले, “एका वचनानं काय फरक पडतो?” मी म्हटलं, “पडत नसेल तर वाचू द्या.” त्यांनी वाचू दिलं.

काय वाचायचं नाही, हेही कुणीतरी ठरवतंच. 1992 साली तयार झालेला तीन वर्षांचा एक पाठक्रम जगभरातली अनेक अँग्लिकन आणि इतर चर्चेस वापरतात. त्यात न्याय करणाऱ्या दबोरेचा उतारा आहे, पण तो सातव्या वचनाशी थांबतो. तू बरोबर आलीस तरच लढाईला जाईन, असं बाराक तिला म्हणतो, ते आठव्यात. आणि दावीद राजाची मुलगी तामार, जिच्यावर सावत्र भावानं बलात्कार केला, ती रविवारच्या त्या पाठांत येतच नाही.

बाईनं वाचायला उभं राहणं हेही सहज मिळालेलं नाही. इंग्लंडच्या चर्चनं परवानाधारक वाचकाचं पद 1866 साली पुन्हा सुरू केलं, ते पुरुषांसाठी. बायकांना ते 1969 साली मिळालं, पाळकपदाची दीक्षा 1994 साली. आपल्या पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवावं असं निघालं, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकामुलींनी खिळे जुळवले. ते 1924 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या.

हात मोडलेल्या त्या बाईनं मागच्या महिन्यात विचारलं, “ताई, मला वाचता येईल का तिथं?” ती सातवी शिकलेली. संध्याकाळी केंद्रात आम्ही सराव करतो. तिला तामारेचा उतारा वाचायचा आहे. पाळकसाहेबांना अजून विचारायचं आहे.

तुमच्याकडे पोथी असेल, कथा असेल, वंदना असेल. वाचतं कोण, निवडतं कोण, सुरुवात कुठून होते आणि थांबतात कुठे, एवढं आपापल्या गावी जाऊन बघा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्यावर बोलू.