चिजांचे जतन आणि पंडित भातखंडे : स्वागताध्यक्षीय भाषण



बडोद्यातील प्रतापनगर येथे ही संगीत परिषद भरली आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या कार्याचा गौरव बडोद्यात व्हावा हे सर्वथा उचित आहे, कारण मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंडे यांनी याच नगरीत भरवली. आणि त्याआधी १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांची, स्वरलिपीतून शिकवणारी गायनशाळा येथे सुरू झाली असल्याने, गाणे लिहून शिकवता येते हा विचारही या शहराला नवा नव्हता.

त्या काळी चीज, म्हणजे विशिष्ट रागात व तालात बांधलेली गेय रचना, ही घराण्याची मिळकत मानली जाई आणि ती मुलाला किंवा निवडक शिष्यालाच मिळे. यात केवळ कृपणता पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण गवयाचा दरबारातील मान आणि घरचा चरितार्थ त्याच चिजांवर अवलंबून असे; परंतु वारस न उरल्यास गवयाबरोबर चीजही नाहीशी होई. पेशाने वकील असलेल्या भातखंडे यांनी हे ओळखून दक्षिणेत व उत्तरेत प्रवास केले, तमिळ प्रदेशातील एट्टयपुरमला कर्नाटक संगीताचे विद्वान सुब्बराम दीक्षित यांच्याशी चर्चा केली, जुन्या ग्रंथांची हस्तलिखिते मिळवली आणि जयपूर, रामपूर येथील गुणीजनांकडून कष्टाने चिजा उतरवून घेतल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र व तार सप्तकांसाठी अनुक्रमे स्वराखाली व स्वरावर बिंदू, अशा मोजक्या खुणांच्या स्वरलिपीत हा ठेवा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून सर्वांसाठी खुला झाला.

भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांत, म्हणजे स्वरांनुसार केलेल्या रागवर्गांत, अहीर भैरवासारखा राग नीट बसत नाही, हा आक्षेप योग्यच आहे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे), आंदोलन (स्वराचे संथ झुलणे) आणि आवाजाचा लगाव (स्वर लावण्याची पद्धत) कागदावर पुरता उतरत नाही, हेही खरे. तथापि गुरूकडून गायकी, म्हणजे गाण्याची शैली, घेण्यासाठी आधी चीज शिल्लक असावी लागते, आणि ती शिल्लक राहिली याचे फार मोठे श्रेय भातखंडे यांचेच आहे.

म्हणूनच या परिषदेत निबंधवाचनाइतकाच वेळ प्रत्यक्ष गायनाला दिला असून, ‘क्रमिक पुस्तकमालिके’तील एकच चीज निरनिराळ्या घराण्यांचे गायक गातील आणि छापील स्वरांपासून ते कोठे व का वेगळे जातात, यावर जाणकारांनी चर्चा करावी, अशी स्वागत समितीची विनंती आहे.