घरचे पाणी, घरची गाळणी



हल्ली आपल्या नाशकात हळदीकुंकवालासुद्धा पाण्याचा जार येतो. रोज एक जार ३० रुपयांना धरला, तर महिन्याचे ९०० रुपये झाले. वर्षभरात त्यात घरचा फिल्टर सहज होतो. शिवाय पाणी गार आहे म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. सुट्या जारवर पुष्कळदा सीलही नसते आणि आय.एस.आय.ची खूणही नसते. मग ते भरले कोठे, कोणी आणि जार धुतला केव्हा, हे कोणाला विचारावे?

मात्र दुकानदार दाखवील तो फिल्टर घेऊ नये. आपल्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून येते. आधी त्यातले क्षार मोजून घ्यावेत. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, तर आर.ओ.ची सहसा गरज नसते. तो निष्कारण पुष्कळ पाणी मोरीत सोडतो. गाळ अडवणारा आणि जंतू मारणारा यू.व्ही. फिल्टर पुरतो. बोअरचे पाणी खारट असेल, तर आर.ओ. घ्यावा.

पूर्वी आपल्या सासवा पाण्यात तुरटी फिरवीत, दुपदरी फडक्याने गाळीत आणि ते फडके रोज धूत. फिल्टरलाही तशीच शिस्त हवी. कँडल वेळेवर घासावी व बदलावी. गोदामाईला पूर येऊन पाणी गढूळ झाले किंवा वीज गेली, तर पाणी गाळून खळखळ उकळावे. जारच्या पाण्याची खात्री दुसऱ्याच्या हाती असते. घरच्या पाण्याची आपल्या हाती.