घरचा संगणक : नवीन घेण्याआधी

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी इंजिनीअर नाही. बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस. त्यामुळे स्वतःच्या टेबलावर जे केलं, तेवढंच सांगतो.

माझा संगणक आठ वर्षांचा. बटण दाबून चहा टाकायचा, पिऊन यायचं, तरी पडद्यावर चक्कर फिरतंच आहे. दुकानदार म्हणाला, "काका, नवीन घ्या." पेन्शनीत हे कसं बसवायचं?

मग वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमारीने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के! मला लगेच आमची शाखा आठवली. रॅम म्हणजे टेबल, हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. टेबल लहान असलं की प्रत्येक लेजरसाठी शिपाई रेकॉर्ड रूमकडे पळणार आणि काउंटरवर रांग वाढणार. माझं टेबल ४ जीबीचं, आणि हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. आधी फोटो आणि कागदपत्रांच्या दोन प्रती काढल्या, मग तबकडीऐवजी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. रॅम ८ जीबी केली. सगळं चार हजारांच्या आत. आता चहाचं आधण यायच्या आत संगणक तयार.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचं पान आहे. न बोलावता येऊन बसणारे सात प्रोग्राम मी तिथे बंद केले. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका. डबा उघडला तेव्हा पंख्यावर वेरूळ रस्त्याची धूळ, अक्षरशः पापुद्रा! पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच गती कमी करतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

मोतीबिंदूनंतर अक्षरं मोठी हवीत म्हणून कोणीतरी रिझोल्यूशन कमी करून दिलं होतं. अक्षरं मोठी झाली, पण धुरकट. पडद्याचे ठिपके ठरलेले असतात, माझ्याकडे १९२० बाय १०८०. रिझोल्यूशन तेच ठेवायचं आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करायचं. संध्याकाळी नाईट लाइट लावला की पडद्याचा निळसर प्रकाश कमी होतो.

एक गोष्ट मात्र बँकवाल्याच्या नात्याने बजावून सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केल्याशिवाय त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर चढत नाही. अशा वेळी लिनक्स मिंट फुकट मिळतं, आणि पत्रं लिहायला, व्हिडिओ बघायला पुरतं.

आता आवाज. आमच्या सौ.ना डाव्या कानाने ऐकू येत नाही. हेडफोन लावून जुनी गाणी ऐकणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं. "अर्धंच वाजतं" म्हणायच्या, मला वाटायचं कंटाळल्या असतील. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात काही वाद्यं एकाच बाजूला ठेवलेली असतात, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन प्रत्येक कानात येतो. पैसा एक लागत नाही. मी ते लावलं आणि काही न सांगता हेडफोन त्यांच्या हातात दिला. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, यात तबला होता की!"