कुकर शिट्टी का मारतो?

कुकरची शिट्टी झाली की घरात कोणीतरी विचारतंच, "किती झाल्या गं?" पण डाळ शिट्ट्यांनी शिजत नाही बरं का!

समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. जाळ कितीही वाढवा, ते त्यापुढे तापत नाही, नुसती वाफ होते. कुकरचं झाकण हीच वाफ कोंडून ठेवतं. आतला दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. म्हणून तूरडाळ पटकन मऊ होते.

शिट्टी हातात घेऊन बघा. गार कुकरची हं! इवलीशी, पण चांगली जड. ती एका बारीक भोकावर बसलेली असते. दाब तिला उचलण्याइतका झाला की वाफ फुस्सकन सुटते. एकदा शिट्टी झाली की आच मंद करा. तापमान जवळपास तेवढंच राहतं, गॅस वाचतो. आमच्या घरी हे अजून कोणाला पटलेलं नाही, ते सोडा.

देनी पापँ या फ्रेंच संशोधकानं १६७९ मध्ये लंडनला असंच भांडं दाखवलं. त्यात हाडंसुद्धा मऊ होत. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वजनाची झडप बसवली. आपल्या शिट्टीची ती पणजीच!

आणि झाकणावरचं ते छोटं बटण? डाळीच्या सालानं शिट्टीचं भोक तुंबलं, तर बटणातला लवकर वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मोकळी होते.